तुम्ही विचारलंत म्हणून: हिलरीबाईंचे काम मी मध्येच का सोडले

फिलाडेल्फियाच्या आसपासच्या मराठी घरांत गणपतीचे जेवण आटोपले, की हात धुता धुता कुणीतरी मला विचारतेच, "ताई, २००८ साली तुम्ही हिलरीबाईंच्या प्रचारात होतात ना? मग ऐन पेनसिल्व्हेनियाच्या प्रायमरीत काम का सोडलेत?" पुण्याहून आलेला भाचा असेल, तर तो पुढे म्हणतो, "मावशी, निवडणुकीत चिखलफेक व्हायचीच. एवढे मनाला काय लावून घ्यायचे?" या दोन्ही प्रश्नांचे उत्तर ताक पिता पिता देता येत नाही, म्हणून ते येथे लिहिते.

मुळात मी त्यांच्या बाजूला कशी गेले, ते आधी सांगायला हवे. १९९५ साली राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी म्हणून हिलरी क्लिंटन भारतात आल्या, तेव्हा त्या अहमदाबादला 'सेवा' या कष्टकरी स्त्रियांच्या संघटनेत गेल्या होत्या, आणि ही बाई ऐकून घेते असे माझे मत तेव्हापासून झाले होते. त्याहून ताजे कारण २००७ च्या जूनमधले होते. त्या महिन्यात ओबामांच्या प्रचारकचेरीने पत्रकारांना गुपचूप दिलेले एक टिपण उघडकीला आले. येथे सिनेटरच्या नावापुढे पक्ष आणि राज्य लिहिण्याची रीत आहे. त्या टिपणात क्लिंटन यांच्या नावापुढे न्यूयॉर्कऐवजी 'पंजाब' लिहिले होते, आणि भारतीयांशी व भारतीय पैशाशी त्यांचे किती साटेलोटे आहे याचा पाढा खाली वाचला होता. पंजाबमधून आपण सहज निवडून येऊ, असा विनोद बाईंनीच पूर्वी केला होता, हे खरे. पण जिने वीस वर्षे येथे कर भरला तिच्या ओळखीचे माणूस असणे हाच जणू एक ठपका आहे, असा त्या टिपणाचा सूर होता, आणि तो मला झोंबला. ही मूर्खपणाची चूक झाली असे ओबामांनी कबूल केले आणि तिची जबाबदारी स्वतःकडे घेतली. मी मात्र तोवर क्लिंटन यांच्या यादीत नाव नोंदवून मोकळी झाले होते. म्हणजे चिखल दुसऱ्या बाजूनेही उडत होता, याची मला पुरती जाणीव आहे.

प्रायमरी म्हणजे काय, हे भारतातल्या वाचकांना एका वाक्यात सांगते. आपल्याकडे तिकीट वरून येते आणि ज्याला ते मिळत नाही तो एक तर बंडखोरी करतो नाही तर मुकाट्याने सतरंज्या उचलतो. येथे उमेदवार कोण हे सामान्य मतदार ठरवतात, आणि पेनसिल्व्हेनियात तर त्या पक्षाच्या मतदार म्हणून नोंद असलेल्यांनाच त्यात मत देता येते. त्यामुळे माझ्या हातातल्या यादीतले प्रत्येक दार आमच्याच, म्हणजे डेमोक्रॅटिक, पक्षाच्या माणसाचे होते, आणि ज्याच्याविरुद्ध मी बोलणार तोच नोव्हेंबरात आमचा उमेदवार होण्याची शक्यता निम्मीशिम्मी तरी होतीच.

आता मुख्य गोष्ट. ओहायो आणि टेक्सासच्या मतदानाला दोन दिवस उरले असताना, २ मार्च २००८ रोजी, 'सिक्स्टी मिनिट्स' या कार्यक्रमात क्लिंटन यांना विचारण्यात आले, की ओबामा मुसलमान आहेत असे तुम्हाला वाटते का. ओबामा शिकागोच्या एका चर्चचे वीस वर्षांचे सदस्य होते, आणि गंमत अशी, की त्याच महिन्यात त्या चर्चच्या धर्मगुरूंच्या भाषणांवरून त्यांना सळो की पळो करून सोडले गेले. एकाच माणसाला ख्रिस्ती पाद्री भोवतही होता आणि तो ख्रिस्ती नाही अशी कुजबुजही चालू होती. क्लिंटन प्रथम म्हणाल्या, छे, मुळीच नाही. अशा अफवा माझ्याबद्दलही उठल्या आहेत, म्हणून मला सहानुभूती वाटते, असेही त्या म्हणाल्या. परंतु मधेच, त्या गोष्टीला काही आधार नाही असे सांगून झाल्यावर, त्यांनी एक शेपूट जोडले: "माझ्या माहितीप्रमाणे तरी."

युधिष्ठिर 'नरो वा कुंजरो वा' म्हणाला, तेव्हा त्यानेही शब्दशः खोटे असे काहीच सांगितले नव्हते, आणि तरीही जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ खाली आला. मी कीर्तनात वाढलेली मुलगी आहे. त्या रात्री दूरचित्रवाणीसमोर मला दुसरे काही आठवले नाही. तरीही, दमलेल्या माणसाच्या तोंडून निसटले असेल अशी मी माझी समजूत घातली आणि काम चालू ठेवले.

एप्रिलच्या एका शनिवारी मला फिलाडेल्फियाजवळच्या लेव्हिटाउनमधला एक रस्ता मिळाला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर एकाच साच्यात उभारलेली घरे, प्रत्येकासमोर हिरवळीचा एक तुकडा. हातात पाटीला लावलेली यादी, आणि प्रत्येक नावापुढे एक ते पाच आकडे: एक म्हणजे आपला पक्का, पाच म्हणजे विरोधातला पक्का. एका दारात ऐंशीच्या पुढची आजीबाई उभी राहिली. मत हिलरीलाच, असे तिने आनंदाने सांगितले, आणि मग माझ्या रंगाकडे पाहत, थोडी खाली वाकून, आवाज उतरवून विचारले, "तो दुसरा मुसलमान आहे ना?"

मी म्हणाले, "माझ्या माहितीप्रमाणे तरी नाही."

हे शब्द मी ठरवून बोलले नव्हते. दुपार झाली होती, अजून तीस दारे बाकी होती, वाद नको होता, आणि मत तर आमच्या पदरात पडलेलेच होते. आजीबाईने मान डोलावली आणि मी तिच्या नावापुढील एकच्या आकड्याला गोल केला. चार घरे पुढे गेल्यावर मला कळले, की ठामपणे 'नाही' म्हणायला एक क्षण पुरला असता, आणि तो क्षण मी आकड्यासाठी वाचवला होता. नकारात्मक प्रचार म्हणजे दूरचित्रवाणीवरची जाहिरात, अशी माझी तोवरची समजूत होती; तो माझ्या तोंडून इतक्या सौजन्याने बाहेर पडेल, असे वाटले नव्हते.

जाहिरातींबद्दल मी फार बोलणार नाही. पहाटे तीनला व्हाइट हाउसमधला फोन वाजतो ती जाहिरात मला आजही गैर वाटत नाही, कारण अनुभव कुणाला जास्त हे विचारण्याचा उमेदवाराला हक्कच आहे. पण त्याच दिवसांत, रिपब्लिकन पक्षाच्या मॅकेन यांच्यापाशी आयुष्यभराचा अनुभव आहे, माझ्यापाशीही आहे, आणि ओबामांपाशी २००२ साली केलेले एक भाषण आहे, असे बाई सभांमधून सांगू लागल्या, तेव्हा माझी सहनशक्ती संपली. समोरच्या पक्षाच्या माणसाला ओवाळून आपल्या पक्षाच्या माणसाला नापास करायचे, याला मी घरभेदीपणा म्हणते. ऑगस्टमध्ये आमचे अधिवेशन डेन्व्हरला भरले असताना मॅकेन यांच्या जाहिरातीत नेमके हेच बोल बाईंच्याच आवाजात वाजले. मॅकेन यांना त्यासाठी काही कष्ट पडले नसावेत.

मतदानाच्या तोंडावर तर पर्ल हार्बरपासून बिन लादेनपर्यंत सगळी भीती एका जाहिरातीत कोंबली गेली. २२ एप्रिलला क्लिंटन नऊ टक्क्यांच्या आसपास जिंकल्या, आणि ज्या न्यूयॉर्क टाइम्सने त्यांना पाठिंबा दिला होता, त्यानेच दुसऱ्या दिवशी अग्रलेखातून त्यांच्या प्रचाराचे वाभाडे काढले. मी आठवडाभर आधीच यादी आणि पाटी परत करून आले होते. कारण विचारले, तेव्हा गुडघे दुखतात असे सांगितले. तेही शब्दशः खोटे नव्हते. मत मी ओबामांना दिले, त्यांच्या 'पंजाब'च्या टिपणासकट.

आजीबाईच्या प्रश्नाचे खरे उत्तर मला सहा महिन्यांनी ऐकायला मिळाले, आणि तेही रिपब्लिकन पक्षाच्या माणसाकडून. १९ ऑक्टोबरला माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी दूरचित्रवाणीवरच्या 'मीट द प्रेस'मध्ये सांगितले, की ओबामा मुसलमान नाहीत, ख्रिस्ती आहेत. पण असते तरी काय बिघडले असते? हा दुसरा अर्धा भाग मला लेव्हिटाउनमध्ये सुचलाही नव्हता, हे येथे लिहायला हवे.

त्यानंतरच्या शनिवारी मी ओबामांच्या यादीसह पुन्हा त्याच रस्त्यावर होते. अलीकडच्या घराचे नाव यादीत होते, पलीकडच्याचेही होते, आजीबाईचे नव्हते. पाच आकडा पडलेली नावे शेवटच्या आठवड्यांत यादीतून गाळतात, म्हणजे ज्यांना समजावण्यात वेळ घालवू नये अशी ती माणसे. खिडकीत दिवा होता. मी यादीप्रमाणे पुढच्या दाराकडे गेले.