निळा धूर, बंद वायपर आणि अकरावर बसलेला काटा

गेल्या पावसाळ्यात गगनबावड्याकडचे एक काका कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या गॅरेजला जीप घेऊन आले. महिंद्राची सीजे थ्रीबी, आरसी बुकात १९६७. पोरानं मागं 'व्हिंटेज' असा स्टिकर मारलेला. हौशी लोकांच्या हिशेबात ती व्हिंटेज नव्हे, क्लासिक, पण काकांना त्याचं काय, त्यांच्या लेखी ती शेतावर जायची गाडी.

तक्रार अशी की निळा धूर मारते, ऑईल पिते आणि सिग्नलला उभी केली की धडधडून बंद पडते. एका ठिकाणी दाखवून आले होते, तिथं सांगितलेलं पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन उतरवायला लागतंय. जाता जाता काका म्हणले, "आणि मिस्त्री, घाट चढताना वायपर थांबतोय बघा." मी म्हणलं, "काका, व्हॅक्यूमवरचा, म्हणजे इंजिनाच्या हवा ओढण्यावर चालणारा वायपर आहे तो, जुन्या जीपा सगळ्या अशाच." हे वाक्य लक्षात ठेवा, नंतर मलाच खावं लागलं.

इंजिन उतरवायचं म्हणजे काकांचा ऊसाचा एक हप्ता गेला, म्हणून आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, मोजून घेतलं. चारही सिलेंडर जवळजवळ सारखे, फरक १० पीएसआयच्या आत. रिंगा गेलेलं इंजिन असं दाखवत नाही. मग इंजिन गरम करून मॅनिफोल्डवरनं (इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळ्यावरनं) निघणाऱ्या व्हॅक्यूम लाईनमध्ये टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, टाकून व्हॅक्यूमचा गेज लावला आणि आरपीएम मीटर जोडला. आयडल, म्हणजे पाय न देता इंजिनचे मिनिटाचे फेरे, पाहिजेत ६००, हिथं ९५० आणि तेही नाचतंय, म्हणजे कुणीतरी बंद पडू नये म्हणून स्क्रू आवळून रेस वाढवून ठेवलेली. आणि गेजचा काटा ११ इंचावर, अगदी स्थिर.

आता पुस्तकात लिहिलेलं असतं की धडधाकट इंजिन आयडलला १७ ते २१ इंच दाखवतं, पण ते समुद्रकाठचं. दर हजार फुटाला साधारण एक इंच कमी धरायचा. कोल्हापूर १८०० फुटांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडं १६-१७ आलं तरी गाडी ठणठणीत. आमच्याकडची नवी पोरं १६ बघून कार्बोरेटर खोलायला घेतात, त्यांना हे दर वर्षी सांगायला लागतं. पण ११ हे कुठल्याच हिशेबात बसत नाही. काटा थरथरत असता तर व्हॉल्व गाईड म्हणलं असतं, ठरावीक ठेक्यावर खाली येत असता तर एखादा व्हॉल्व. स्थिर आणि खाली म्हणजे एकतर टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागं किंवा कुठनंतरी हवा ओढतंय.

टायमिंग बघितलं, बरोबर. या इंजिनाला इनटेक मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला असतो, त्यामुळं हवा ओढायला मॅनिफोल्डची वेगळी गॅस्केट नाहीच, राहिला कार्बोरेटरचा बूड. तिथं स्प्रे मारला, गळती असती तर आरपीएम बदललं असतं, पण हललं नाही. पीसीव्हीची (ऑईल चेंबरमधली वाफ परत इंजिनात नेणारी) नळी दाबली, काही नाही. एक तास गेला आणि बाहेर पाऊस सुरू झाला, म्हणून जीप आत घ्यायला बसलो, वायपर चालू केला आणि रेस दिली तर वायपर जागेवर थांबला, पाय सोडला की परत चालू. काका बाहेरनं छत्रीतनं, "हेच सांगत होतो मी!"

तेव्हा डोक्यात आलं. या जीपचा पेट्रोल पंप दुहेरी असतो. एका बाजूचा डायफ्राम, म्हणजे लवचिक पडदा, पेट्रोल ओढतो आणि दुसऱ्या बाजूचा व्हॅक्यूम तयार करतो, तो कशासाठी, तर रेस दिल्यावर मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम पडतो तेव्हा वायपर थांबू नये म्हणूनच! म्हणजे काकांचा वायपर थांबणं ही जुन्या जीपची सवय नव्हती, तो आजार होता आणि तो मी हसण्यावारी नेलेला.

टीच्या पुढं पंपाकडं जाणाऱ्या रबरी नळीला पक्कड लावून दाबली. काटा ११ वरनं सरळ १७ ला, इंजिनचा आवाज गोल झाला आणि आरपीएम ११०० च्या पुढं पळालं. नळी काढली तर पंपाच्या तोंडातनं काळं ऑईल ठिबकायला लागलं. व्हॅक्यूमचा डायफ्राम फाटलेला, त्यातनं इंजिनच्या ऑईल चेंबरमधली हवा आणि ऑईल सरळ इंजिनात ओढलं जात होतं. धूर त्याचाच, ऑईल पिणं त्याचंच, आयडल बिघडलं तेही त्यामुळंच. पेट्रोलची बाजू व्यवस्थित चालत होती म्हणून पंपावर कुणाचा संशयच गेला नाही, माझा पण नाही.

डायफ्रामचं किट मिळायला चार दिवस गेले. बसवल्यावर आयडलचा स्क्रू सैल करून ६०० ला आणला, मिश्चरचा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा) स्क्रू काटा जास्तीत जास्त वर जाईल तिथं ठेवला, परत आयडल, परत मिश्चर, दोन-तीन फेऱ्यांत काटा साडेसतरावर स्थिर बसला. सायलेन्सरमध्ये साठलेलं ऑईल जळेपर्यंत थोडा धूर राहिला, मग तोही गेला.

आठवड्यानं काकांचा फोन, करूळ घाटातनं, मागं पावसाचा नुसता धबाबा आवाज. म्हणले, "वायपर लई जोरात चालतोय मिस्त्री, पण काच काय पुसत न्हाई." वायपरचं रबर बदलायचं राहूनच गेलेलं.