अ‍ॅमस्टरडॅममधलं ट्यूलिप म्युझियम

आज प्रिन्सेनग्राख्त कालव्याकाठचं ट्यूलिप म्युझियम पाहिलं. अगदी छोटं, दुकानाखालच्या तळघरात. पण काय काय कळलं!

हे फूल मुळात हॉलंडचं नाहीच. मध्य आशियातल्या डोंगरांतलं ते. ऑटोमन सुलतानांच्या बागांमध्ये लाडानं वाढलं. क्लुसियस हे वनस्पतिशास्त्रज्ञ १५९३ मध्ये लायडनला आले, त्यांनी लावलेले कंद पुढच्या वसंतात फुलले. ट्यूलिपच्या कंदांच्या किमतींवरचा १६३७ चा सट्टा तर प्रसिद्धच आहे. मी मात्र खिळून राहिले ती पाकळ्यांवरच्या ज्वाळांसारख्या पट्ट्यांपाशी. ज्या पट्ट्यांसाठी लोकांनी वाट्टेल ती किंमत मोजली, तो चक्क रोग होता! मावा किडीनं पसरवलेला विषाणू. विसाव्या शतकापर्यंत हे कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. रोगानं कंद दुबळे होत जायचे, त्यामुळे सर्वांत महागडी ‘सेम्पर ऑगस्टस’ ही ट्यूलिपची जात आज फक्त चित्रांत उरली आहे. फार हळहळ वाटली.

आणि १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात डच लोकांनी हेच कंद शिजवून खाल्ले. शोभेच्या फुलानं माणसं जगवली.

इकडे येणाऱ्यांनो, क्यूकेनहॉफच्या बागा बघाच, पण त्याआधी इथे तासभर नक्की द्या.