सातवा टेस्ट पीस

इंजिनाच्या जोडणीतला टायटॅनियमचा एक ब्रॅकेट धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगने बनवायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मला वाटलं होतं की खरी कसोटी डिझाइनची आहे. डिझाइन काही आठवड्यांत झालं. मंजुरीला मात्र दोन वर्षं लागली.

असा भाग उडत्या विमानात बसतो, याबद्दल शंका नव्हती. जुलै 2016 मध्ये अमेरिकी नौदलाचं व्ही-22 ऑस्प्रे अशीच प्रिंट केलेली टायटॅनियमची जोडणी घेऊन उडालं होतं. आमचा भाग तसाच भरवशाचा आहे, हे सिद्ध करायचं होतं.

आर्गॉन भरलेल्या चेंबरमध्ये टायटॅनियमच्या पावडरचा केसाहून पातळ थर पसरतो, लेझर हवा तेवढाच भाग वितळवतो, प्लेट खाली सरकते आणि पुन्हा थर. असे हजारो थर. म्हणजे इथे आकार आणि धातू एकदमच तयार होतात. तयार गजातून जॉब कापताना गजाचं सर्टिफिकेट हातात असतं. इथे तसं काही नसतं. म्हणून ब्रॅकेटसोबत त्याच प्लेटवर टेस्ट पीस छापायचे आणि ते तोडून बघायचे.

ओढून तोडलेले सगळे पीस पास झाले. फटीग टेस्टमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण देऊन बघताना, सातवा पीस बाकीच्यांच्या कितीतरी आधी तुटला.

एक पीस बाद करून पुढे जाऊ, असं मीच म्हणालो. आमच्या धातुशास्त्राच्या मॅडमनी काही न बोलता तुटलेला तुकडा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ठेवला. कडेलगत एक चपटी फट होती आणि तिच्यात न वितळलेल्या पावडरचे गोल गोल मणी जसेच्या तसे बसले होते. "हा छापला कुठे होता?" त्यांनी विचारलं. प्लेटचा नकाशा काढला. चेंबरमधून वाहणारा आर्गॉन गॅस जिथून चेंबरबाहेर जातो, अगदी त्या बाजूला.

लेझरमुळे उडालेले धातूचे शिंतोडे गॅसबरोबर वाहत जाऊन तिथे पडत होते. शिंतोडा पावडरच्या कणापेक्षा मोठा असतो; त्याच्याखाली लेझरची उष्णता नीट पोचत नाही. छापून झाल्यावर हिप (हॉट आयसोस्टॅटिक प्रेसिंग) प्रक्रियेत गॅसने सगळीकडून दाबतात: सुमारे 920 अंश तापमान आणि हजार बारच्या आसपास दाब देऊन आतल्या पोकळ्या मिटवतात. पण फट पृष्ठभागावर उघडी असेल तर गॅस तिच्यातच शिरतो, ती मिटत नाही. ब्रॅकेटच्या जाड भिंतीतली इतकी चपटी फट आमच्या सीटी स्कॅनलाही दिसली नसती. हे कळलं तेव्हा माझे हातपाय गार पडले.

मग क्रम बदलला. गॅस बाहेर पडतो त्या बाजूचे जॉब आधी वितळवायचे आणि वाऱ्याविरुद्ध सरकत यायचं. फिल्टर बदलण्याचं वेळापत्रक कडक केलं. एवढा बदल केला म्हणजे जुने निकाल गेले. सगळे पीस पुन्हा छापले, पुन्हा तोडले. हीच रीत तशीच्या तशी दुसऱ्या मशीनवर नेली, ते त्याच मॉडेलचं असलं तरी चाचण्या पुन्हा कराव्या लागतात. पूर्वी मला ही अडवणूक वाटायची.

आता त्या काठाला आम्ही ब्रॅकेट ठेवत नाही. टेस्ट पीस मात्र मुद्दाम ठेवतो, आणि त्याचा निकाल आल्याशिवाय त्या प्लेटवरचा एकही ब्रॅकेट मी सोडत नाही.