तुम्ही विचारलेत म्हणून: घाणेरी उपटल्यावर पुढे काय?

अभयारण्यातील कामाविषयी बोलणे निघाले की एक प्रश्न हमखास येतो: जंगल वाचवायचे म्हणता आणि हिरवीगार झुडपे मुळासकट उपटता, हे कसे? पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, की एवढे करूनही ती पुन्हा उगवतातच ना? मला दुसरा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो. पण आधी पहिल्याविषयी.

ज्या झुडपाबद्दल हे चालले आहे ती घाणेरी किंवा टणटणी. विदर्भात तिला रायमुनियाही म्हणतात. मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेतली ही वनस्पती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने भारतातील वाघांच्या अधिवासापैकी ४० टक्क्यांहून अधिक क्षेत्रात तिचा फैलाव असल्याचे दाखवले. पाने विषारी असल्याने चरणारी जनावरे तिला सहसा तोंड लावत नाहीत. बुलबुलासारखे पक्षी मात्र फळे खातात आणि बिया दूरवर नेऊन टाकतात. जुन्या जाळीखाली वाकून पाहा: काटक्या आणि पालापाचोळा सापडेल, गवताची काडी क्वचितच. चितळ आणि गवा यांचे पोट मुख्यतः गवतावर भरते आणि वाघाचे पोट त्यांच्यावर, एवढे सांगितले की पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांना पटते. तिच्या फुलांवर फुलपाखरे येतात आणि दाट जाळीत रानडुकरे विसावतात, हेही खोटे नाही. म्हणूनच सगळा डोंगर एका दमात मोकळा करण्याच्या मी विरोधात आहे.

घाणेरी नुसती कोयत्याने छाटली किंवा जाळली, तर बुंध्यातून नवे फुटवे येतात आणि जाळी पूर्वीपेक्षा दाट होते. दिल्ली विद्यापीठातील प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केलेली पद्धत वेगळी आहे. खोड आणि मूळ जिथे जुळतात, तो भाग जमिनीच्या पृष्ठभागालगत असतो आणि फुटवे तिथूनच येतात. त्यामुळे कुदळीचा घाव त्याच्या खाली, मातीत दोनतीन इंच खोल घालायचा, झुडूप बाहेर ओढायचे आणि मुळे आभाळाकडे करून उलटे ठेवायचे, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. जमीन फार उकरायची नाही, कारण उकरलेल्या मातीत इतर तणांचे फावते. फळे धरण्याआधी हे उरकले पाहिजे, नाहीतर बिया आपल्याच हातांनी पेरल्या जातात.

इथवरचे काम कष्टाचे असले तरी सोपे. अवघड असते ती मोकळी झालेली जमीन. तिथे काही लावले नाही, तर पुढच्या पावसाळ्यात तरोटा, रानतुळस, गाजरगवत यांपैकी कोणीतरी ती बळकावते आणि आपण एक तण काढून दुसऱ्याला जागा करून दिलेली असते. म्हणून त्याच परिसरातील मारवेल, पवन्या, कुसळी या गवतांचे बी ते पिकून गळण्याच्या सुमारास गोळा करून ठेवावे लागते आणि पावसाच्या तोंडावर फेकावे लागते. जवळ चांगले कुरण असेल तर गवताची ठोंबे आणून लावणे अधिक भरवशाचे. पहिल्या वर्षी तो तुकडा पाहून कोणी खूश होत नाही. गवत विरळ असते, मधूनमधून तण डोकावते आणि ते फुलावर येण्याआधी हाताने उपटावे लागते.

माझी तक्रार इथेच आहे. झुडपे काढण्यासाठी पैसा मिळतो, कारण किती हेक्टर साफ झाले ते मोजता येते आणि आधीचे-नंतरचे छायाचित्र छान येते; पुढच्या तीनचार वर्षांच्या निंदणीसाठी हात आखडतो. काही ठिकाणी उपटलेल्या घाणेरीपासून फर्निचर करतात. कर्नाटकातील मलै महादेश्वर डोंगरांतील सोलिगा या आदिवासी समाजातील कारागिरांचे काम त्यासाठी प्रसिद्ध आहे. उपक्रम चांगला, पण कारागिराला लागतात निवडक फांद्या. कोवळी रोपे काढण्याचे काम त्यातून सुटत नाही.

आता दुसरा प्रश्न. होय, ती पुन्हा येते, पण सगळीकडे सारखी नाही. नवी रोपे प्रामुख्याने पक्षी बसतात त्या झाडांखाली आणि तुकड्याच्या कडेने दिसतात, त्यामुळे कुठे पाहायचे हे ठाऊक असलेली दोनचार माणसे पावसाळ्यानंतर एक फेरी मारून ती सहज उपटू शकतात. गवताने मूळ धरले की ही रोपे दरवर्षी कमी होत जातात. मात्र हद्दीबाहेरच्या पडीक जमिनीत आणि रस्त्याच्या कडेला घाणेरी फळते आहे, तोवर बिया येत राहणार आणि ही फेरी चालूच ठेवावी लागणार.