जुन्या आयरिस: यंदाचा मे आणि पुढची कामं

माझ्या बागेतली वाबाश, म्हणजे कंदापासून येणाऱ्या आयरिस या फुलाची एक जुनी व्हरायटी, एकदाची फुलली! १९३६ ची, १९४० चं डाइक्स मेडल (आयरिसचा सर्वोच्च पुरस्कार) मिळालेली. वरच्या पाकळ्या पांढऱ्याशुभ्र, खालच्या गर्द जांभळ्या आणि त्यांना बारीक पांढरी किनार, जी माझ्या फोनवर काही केल्या येत नाही. मेअखेरीस इथे न्यू जर्सीत धो धो पाऊस झाला त्यात नव्या झालरवाल्या व्हरायट्या फुलांच्या वजनानेच आडव्या, आणि ही मात्र ढिम्म उभी. म्हणून तर जुन्यांच्या नादी लागलोय. (तीस वर्षं झाली की हिस्टॉरिक धरतात, म्हणजे नव्वदच्या सुरुवातीच्या पण आल्या की यात, बोला!)

दुसरी जुनी व्हरायटी क्वेकर लेडी, पेनसिल्व्हेनियाचे नर्सरीवाले फार यांची, १९०९. धुरकट लव्हेंडर आणि मध्ये पिवळट ब्रॉन्झ, वर्णन वाचून मळकट वाटते पण जवळ गेलं की पाय निघत नाही. मादाम शेरो या आणखी एका जुन्या व्हरायटीची नुसती पानंच, दम खातेय, खाऊ दे.

आता तो कुंपणालगतचा बिननावाच्या फिकट निळ्या आयरिसचा क्लंप (झुबका). रंगावरून दहा जणांनी दहा नावं सांगितली. मी म्हटलं कळी येऊ दे, आणि कळीवरचं आवरण बघितलं तर अजिबात हिरवं नाही, कांद्याच्या सुकलेल्या सालीसारखं चंदेरी, हात लावला की चुरचुरतं. ही पॅलिडाची (आयरिसची एक मूळ जात) खूण. वासही द्राक्षाचा. तरी पाटीवर 'पॅलिडा टाइप' एवढंच लिहिलंय, कारण एकदा चुकीचं नाव चिकटलं की ते कंदाबरोबर बागोबाग फिरतं, मग निस्तरा. पुढच्या मेमध्ये माँटक्लेअरच्या प्रेस्बी गार्डनमध्ये पाट्या लावलेल्या आहेत त्यांच्याशी ताडून बघेन.

बोरर (आयरिस पोखरणारी अळी) आलाच. पानाची कड कुरतडलेली आणि खाली ओलसर रेघ दिसली की तिथेच पान चिमटीत दाबायचं, अळी आतच खलास. कंदात शिरली की मागोमाग रॉट (कंद कुजणं), आणि तो वास विचारू नका. अंडी जुन्या पानांवरच थंडी काढतात, त्यामुळे पानगळीत बेड साफ म्हणजे साफ.

पुण्याहून वहिनी म्हणते एक कंद आण. अगं, हिला कडाक्याची थंडी लागते, आणि आपल्या जुलैच्या पावसात कुजून जाईल ती!

जुलैअखेर वाबाश फोडणार, पानं छाटून, कंदाची पाठ उन्हाला उघडी ठेवून लावणार. जास्तीचे फॅन (पानांसकट कंदाचे तुकडे) निघतील, जवळपास कोणाला हवे असतील तर सांगा. बदल्यात अल्काझार ही जुनी व्हरायटी असेल तर सोन्याहून पिवळं.