तीन नंबरची खिडकी

मे महिन्यातला फोन. ताम्हिणीच्या अलीकडे एका खासगी जागेत पाणवठ्यासमोर पक्ष्यांचे फोटो काढायला हाइड, म्हणजे लपून बसायची खोली, आहे. तिच्या चार खिडक्यांचे कापडी पडदे आम्ही फेब्रुवारीत शिवून दिले होते. मालक म्हणाले, ‘‘मास्तर, एक, दोन आणि चारसमोर राखी रानकोंबडा येतो. तीनसमोर येतच नाही. तुमच्या पडद्यात काहीतरी आहे.’’

पडदा म्हणजे नेमकं काय, ते आधी सांगतो. भोक पाडलेलं कापड एवढीच लोकांची कल्पना असते. अमेरिकेत हरणांच्या शिकारीसाठी लाकडी खोकी उभारतात. त्यांच्या खिडक्यांनाही असंच घरी शिवलेलं कापड लावतात आणि तिथेही चुका याच होतात. आपल्याकडे 1972च्या कायद्याने शिकार बंद झाली, त्यामुळे बंदुकीच्या जागी लेन्स आली. लेन्सचं तोंड बंदुकीच्या नळीपेक्षा कितीतरी मोठं, म्हणून आमचं काम उलट जास्त किचकट.

खिडकी 60 बाय 45 सेंटिमीटरची. चारही बाजूंना 8 सेंमी जास्त कापड हवं, नाहीतर कडेच्या फटीतून उजेड येतो. म्हणजे तयार पडदा 76 बाय 61. दुहेरी दुमडीत प्रत्येक बाजूला साडेतीन सेंमी जातं, म्हणून बाहेरचं कापड 83 बाय 68 बेतायचं. आतलं काळं ड्रिल, म्हणजे जाड सुती कापड, 75 बाय 60 कापून त्याच दुमडीखाली सरकवायचं. दोन्ही कापडं बेतण्याआधी भिजवून वाळवायचीच. कोरा सुती कॅनव्हास पहिल्या पाण्यात मीटरमागे चार-पाच सेंमी सहज आटतो. आमचा कारागीर हे दर वेळी विसरतो आणि दर वेळी ‘‘या ठाणाचा माल वेगळा होता’’ म्हणतो.

गिऱ्हाईक मागतं पानांच्या छापाचं कापड. मिळतं ते बहुतेक पॉलिएस्टर. उन्हात चमकतं, आणि आतून लेप असेल तर हात लागताच कुरकुरतं. छापाने काही होत नाही. कापड मंद हवं, मुकं हवं आणि आतली बाजू काळी हवी. आत अंधार असला तरच पडद्यातल्या जाळीतून आपल्याला बाहेरचं दिसतं आणि बाहेरच्याला आतलं दिसत नाही. हे पटवून देण्यात माझा जेवढा वेळ जातो, तेवढ्यात एक पडदा शिवून होईल.

आता बाही, म्हणजे लेन्सभोवतीची कापडी नळी. लेन्ससाठी नुसतं गोल भोक ठेवलं, तर लेन्स वळली की अख्खा पडदा तिच्याबरोबर ओढला जातो आणि बाहेरून भिंत हलल्यासारखी दिसते. म्हणून भोक अंडाकृती, 30 बाय 22. कड वळू नये म्हणून आतून जाड बक्रम. या भोकाचा घेर होतो 82 सेंमी. बाहीचं कापड त्या टोकाला 85 कापायचं आणि तोंडाकडे निमुळतं करत 60वर आणायचं. लांबी 35 सेंमी, ढिलीच. तोंडाच्या नेफ्यात मऊ चपटं इलॅस्टिक. नाडीला प्लॅस्टिकची कळ लावली की दाबताना टक् वाजते. बाहीच्या वर 40 बाय 10ची काळी मच्छरदाणीची पट्टी, डोळ्यासाठी. तिच्यातून फोटो काढायचा नसतो. तरी काढतात आणि फोटो धुरकट आला म्हणून मला फोन करतात.

सुई 18 नंबरची, टीप चार मिलिमीटरची. बारीक टीप घातली तर पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची रांग पडते आणि कापड तिथेच फाटतं. कोपऱ्यात पुष्कळ पदर जमले की सुई मोडते, म्हणून आतलं टोक तिरकं छाटायचं. वेल्क्रो अजिबात नको, त्याच्या एका चर्रर्रने सकाळ वाया जाते. आम्ही उभ्या दुमडींत दर 15 सेंमीवर 10 बाय 2 मिलिमीटरचे चुंबक शिवतो आणि चौकटीला कापड गुंडाळलेली लोखंडी पट्टी ठोकतो. कापड गुंडाळलं नाही तर तेही वाजतात. खालच्या दुमडीत वाळूची नळी. साखळी घातली तर वारा सुटला की खुळखुळते.

तर तीन नंबर. गेलो, पडदा काढून दोन्ही बाजूंनी पाहिला. मापं तीच, कापड त्याच ठाणाचं. शेवटी खिशातला टॉर्च काढला, नोटा तपासायचा, जांभळ्या उजेडाचा. पांढऱ्या कपड्यांच्या साबणात आणि बऱ्याच पांढऱ्या दोऱ्यांत उजळपणासाठी एक रसायन असतं. ते अतिनील प्रकाश घेऊन निळसर उजळतं. पुष्कळ पक्ष्यांना अतिनीलही दिसतो, म्हणून मी हे तपासतोच. तपासायला हवं होतं फेब्रुवारीत. बाही जोडल्याच्या टिपेत, 82 सेंमीच्या अख्ख्या घेराला, निळी रेघ पेटली. कोणीतरी बॉबिन, म्हणजे मशीनमधली खालच्या दोऱ्याची रीळ, न बदलता शिवलं होतं. बाही आतून जोडतात, त्यामुळे खालचा पांढरा दोरा बरोबर बाहेरच्या बाजूला आला होता. धुळीने मळल्यामुळे नुसत्या डोळ्याला तो दिसत नव्हता.

बाही उसवली, खाकी दोऱ्याने पुन्हा जोडली. पडदा लावून पाणवठ्याकडे जाऊन उभा राहिलो. चार वाजले होते. तीनच्या जाळीतून आत बसलेल्या मालकांचं डोकं आणि खांदे स्वच्छ दिसत होते. हाइडचं दार पश्चिमेला, तीनच्या अगदी समोर, आणि दाराला हिरवी शेडनेट. कलतं ऊन तिच्यातून आत येत होतं. दारासाठी मी काळं दुहेरी कापड सुचवलं होतं. तेव्हा उत्तर मिळालं होतं, ‘‘दाराकडून कोण बघतंय?’’ गाडीत उरलेलं ड्रिल होतं, तेच दाराला टांगलं.

तिसऱ्या दिवशी रानकोंबडा तीनसमोर पाणी पिऊन गेला. मालकांनी फोटो पाठवला, खाली लिहिलं, ‘‘दोऱ्याचाच घोळ होता.’’

मला ते तितकं पटत नाही. पांढरा दोरा उजळणार सकाळी, पूर्वेचं ऊन पडद्यावर पडतं तेव्हा. दाराचा दोष चारनंतरचा. कोंबडा कोणत्या वेळी बिचकत होता, हे विचारलं तर मालक म्हणतात, ‘‘दिवसभरच.’’ फोटोवाल्यांच्या कार्डांवर सेकंदापर्यंतची वेळ असते, पण ती आलेल्या पक्ष्याची. न आलेल्याची नोंद कोण ठेवणार? आणि मी दोन्ही दुरुस्त्या एकाच दुपारी केल्या.

जुना दोरा पुन्हा घालून आठवडाभर बघू, असं मालकांना म्हणालो. हंगामात ते शक्यच नव्हतं. नंतर पाऊस लागला. आता डोंगरात जागोजागी पाणी आहे, पाणवठ्यावर कोणी फिरकत नाही. पांढऱ्या दोऱ्याची एक बाही मी शिवून ठेवली आहे, फेब्रुवारीसाठी. मालकांना अजून सांगितलेलं नाही.