थंडी, सिलिंडर आणि मण्यावरची चांदी

डिसेंबर लागला की माझ्या मण्यांवरची चांदी रुसून बसते. तीच काच, काच वितळवायचा तोच गॅसचा टॉर्च, तोच हात. पण ऑक्टोबरात जिथे लखलखीत रुपेरी थर यायचा, तिथे मग सकाळच्या वेळी नुसता मातकट तपकिरी रंग. लॅम्पवर्क, म्हणजे टॉर्चच्या ज्योतीत काच वितळवून मणी घडवण्याचं काम, करणाऱ्या दोघीतिघींनी मला हेच विचारलंय आणि प्रत्येकीचा संशय काचेवर. बायांनो, काच बदलू नका, फार महाग पडते ती. आधी सिलिंडरकडे बघा.

मुळात या काचेला धातूची झाक येते कुठून? बाजारात मिळणाऱ्या चकाकत्या मण्यांना बहुतेकदा वरून लेप दिलेला असतो, तो घासून घासून जातो. आमच्या काचेत चांदी आतच विरघळलेली असते. कांडी हातात घेतली तर त्यात चांदी आहे असं कुणालाही वाटणार नाही. ज्योतीत ऑक्सिजन कमी पडला की पृष्ठभागावरची चांदी पुन्हा धातूच्या रूपात येते आणि मणी चमकायला लागतो. तांब्याचंही असंच. इटलीतल्या मुरानोची एफेत्रे ही काच मी वापरते, तिच्यातल्या अपारदर्शक फिरोजी रंगात तांबं असतं. अशा कमी ऑक्सिजनच्या ज्योतीत तो मणी नको असताना लालसर-करडा, धातूसारखा होऊन बसतो. गिऱ्हाइकाला स्वच्छ फिरोजी हवा असेल तर केवढा वैताग!

माझं सगळ्यात जास्त काम डबल हेलिक्स या अमेरिकन कंपनीच्या ‘ट्रायटन’ काचेवर चालतं. खाली काळ्या काचेचा मणी आणि वर ट्रायटनची बारीक तार गुंडाळलेली. काळ्यावर चांदी जशी खुलते तशी फिकट रंगावर खुलत नाही. (ही काळी काचही फसवी आहे. पातळ ओढली की चक्क जांभळी दिसते.) मणी घडवताना ज्योत भरपूर ऑक्सिजनची, निळी, सूं सूं आवाज करणारी. आकार मनासारखा झाला की मणी ज्योतीबाहेर काढायचा आणि त्याची लाली उतरू द्यायची. मग ऑक्सिजनची चावी हळूहळू बंदकडे न्यायची. ज्योतीतल्या निळ्या सुया लांब होतात, आवाज उतरतो, शेंड्याला पिवळसर झाक येते. आता मणी ज्योतीच्या लांबच्या टोकाला धरून फिरवत राहायचा. दोन-तीन सेकंदांत, दुधावर साय धरावी तशी चांदी वर येते. तिथेच थांबायचं. अजून थोडी येऊ दे म्हणून हावरटपणा केला की रंग गढूळ, राखाडी होतो. तसं झालंच तर भरपूर ऑक्सिजनच्या ज्योतीत मणी पुन्हा तापवला की ती झाक जळून जाते आणि डाव नव्याने मांडता येतो. नंतर मणी भट्टीत, साधारण ५१० अंश सेल्सिअसला, आणि तिथून सावकाश थंड.

तयार मणी उजेडासमोर धरून बघा. वरून रुपेरी दिसणारा ट्रायटनचा पातळ भाग पलीकडून मधासारखा पिवळा-तपकिरी दिसतो. त्याच चांदीवर स्वच्छ काचेचं वेष्टण चढवलं तर निळे-जांभळे रंग फुटतात. मात्र ती स्वच्छ काच चांगली लागते, साध्या काचेत कधीकधी धूसरपणा येतो.

शेजारचे काका उभा जन्म सराफ बाजारात डाखकाम, म्हणजे दागिन्यांचे सांधे जोडायचं काम, करत होते. पहिल्यांदा मणी दाखवला तेव्हा म्हणाले, “चांदी आहे म्हणतेस, मग वजन किती?” वजन सांगण्याइतकी नाही म्हटल्यावर त्यांचा उत्साहच मावळला. पण टॉर्चपाशी उभे राहिले आणि ज्योतीकडे बघून एका वाक्यात मोकळे झाले, “अगं, ज्योत जरा उपाशी ठेव, पोट भरलेली ज्योत चांदी काळी करते.” डाख लावताना ते हेच सांभाळत आले होते.

आता थंडीचं. टॉर्चला गॅस मिळतो एलपीजीचा, १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरमधून. घरगुती लाल सिलिंडर धंद्याला वापरायचा नाही, हे वेगळं सांगायला नको. सिलिंडरात असतं प्रोपेन आणि ब्यूटेन. प्रोपेन उणे ४२ अंशालाही उकळतं, ब्यूटेन मात्र शून्याच्या आसपास. म्हणजे थंडीत ब्यूटेनला वायू व्हायचाच कंटाळा. त्यात आपण गॅस काढत राहिलो की सिलिंडर आणखी गार पडतो, हात लावला तर बाहेरून ओलसर लागतो. शिवाय प्रोपेन आधी संपतं, त्यामुळे तळाशी उरतो तो बराचसा ब्यूटेनच. निफाडला पारा घसरला, द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या अशी बातमी पेपरात आली की मी ओळखते, आज सकाळी टॉर्चची तब्येत नाही.

आणि ऑक्सिजन? तो माझ्याकडे कॉन्सन्ट्रेटरमधून येतो, करोनानंतर स्वस्तात मिळालेल्या जुन्या मशीनमधून. त्याला थंडीचं सोयरसुतक नाही, तो ठरलेला ९३ टक्क्यांच्या आसपासचा ऑक्सिजन ठरल्या वेगाने देत राहतो. इकडे गॅस कमी झाला, तिकडे ऑक्सिजन तेवढाच, म्हणजे ज्योत आपोआप पोटभर जेवलेली. नेहमीच्या खुणेपर्यंत चावी फिरवून काय उपयोग? खूण बघू नका, ज्योत बघा. निळ्या सुया लांब व्हायलाच हव्यात, मग चावी कुठेही असो.

काही जण सिलिंडरखाली गरम पाणी ठेवतात, कुणी म्हणे निखारेसुद्धा. कृपा करून असलं काही करू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो. माझा सिलिंडर बाहेर गच्चीत असतो आणि खोलीच्या दाराखालची फट मी मुद्दाम बुजवलेली नाही. मी एवढंच करते की डिसेंबर-जानेवारीत धातूचं काम दुपारच्या जेवणानंतर घेते आणि सिलिंडर अर्ध्याच्या खाली गेला की तो साध्या रंगांच्या मण्यांना लावते. सकाळी साधे मणी, दुपारी चांदी.

जाता जाता एक विनंती. नाशिकात वाइनच्या रिकाम्या बाटल्यांना तोटा नाही आणि लोक प्रेमाने त्या आणून देतात, “याचे मणी कर.” बाटलीच्या काचेचे मणी होतात, पण ती माझ्या १०४ च्या (काच तापून किती फुगते त्याचा हा आकडा) काचेत मिसळता येत नाही. तापून फुगण्याचं आणि निवून आकसण्याचं प्रमाण दोघींचं वेगळं, त्यामुळे मणी भट्टीतून निघाल्यावर नाहीतर आठवड्याने तडकतो.

गंमत म्हणजे या चांदीच्या मण्यांना सगळ्यात जास्त मागणी संक्रांतीला. काळी साडी, तिच्यावर काळ्या-रुपेरी मण्यांची माळ. हलव्याच्या दागिन्यांशी माझी काही स्पर्धा नाही, पण ऑर्डरी येतात आणि येतात त्या ऐन थंडीत. म्हणून यंदा दिवाळीचा फराळ आटोपला की लगेच ट्रायटन काढणार आहे, सिलिंडरही नवा भरलेला. नोव्हेंबरअखेर माळांपुरते मणी डब्यात पडायला हवेत. ज्यांना ऑर्डर द्यायची आहे त्यांनी कृपया १० जानेवारीची वाट बघू नये.